कागदाची जमीन

४ जून

वहिनींना,

नमस्कार माणूस बघून घालावा लागतो, म्हणून घातलेला नाही.

काल दुपारी तुम्ही झाडूच्या दांड्याने छताला ठोकत होतात म्हणे. दूधवाला जिन्यात भेटला, तो म्हणाला, "आजोबा, खालच्या आजी केव्हाच्या ठोकताहेत, तुम्हाला ऐकू येत नाही का?" खरोखर आलं नाही. यापुढेही येणार नाही. मी वरच्या खोलीची सगळी जमीन कागदाने मढवली आहे. तुमचा दांडा मोडेल, पण माझ्यापर्यंत आवाज पोचायचा नाही.

तुम्हाला यातलं काही कळत नाही म्हणून सांगतो. खाकी कागद हाताने फाडायचा, चुरगळायचा, खळीत बुडवून पिळायचा आणि फळीवर पसरून तळहाताने दाबत न्यायचा. त्यावर दुसरा थर, त्यावर तिसरा. खडखडीत वाळला की व्हार्निशचे हात मारायचे. इतके मारायचे की कागद कागद राहत नाही, चामड्यासारखा होतो. ट्रंकांच्या कारखान्यात माझी उभी हयात गेली ती आतून कागद लावण्यात. ट्रंकांचे पत्रे गंजून गेले, बिजागऱ्या तुटल्या, माझा कागद सुटला नाही.

हे सगळं कुणामुळे करावं लागलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे चिरंजीव मागच्या खेपेला खोलीभर पाय आपटत फिरले. घर आता त्याच्या नावावर आहे, तेव्हा आपटणार. म्हणाला, "काका, जमीन हलते. एक जरी फळी कुजकी निघाली तरी मी तुम्हाला इथे ठेवणार नाही. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे." जमीन हलते हे त्याला कुणी सांगितलं? मी सांगितलं नाही. घरात तिसरं माणूस नाही.

दुसरं म्हणजे, माझ्या खोलीतला कचरा फटीतून तुमच्या शिवणावर पडतो अशी बोंब तुम्ही वर्षानुवर्षं मारत आलात. घ्या. आता एकही फट उरली नाही. पलंगाजवळची रुंद फट होती, जिच्यातून मी चिठ्ठी सोडायचो आणि ती बरोबर तुमच्या मशीनवर पडायची, तीसुद्धा बुजवली. त्यामुळे हे पत्र जिन्याच्या तळाच्या खिळ्याला अडकवतो आहे. उत्तर देणं भाग असेल तर तिथेच अडकवा. दूध घ्यायला उतरतो तेव्हा काढून घेईन.

आपला,
वरचा

&nbsp;

६ जून

भावजी,

पत्र मिळालं. व्हार्निशच्या वासाने डोकं धरलं आहे. एका गिऱ्हाइकाने शिवून तयार झालेला झगा नाकाला लावला आणि परत केला. म्हणाली, "बाई, हा झगा आहे की नवी कपाटाची फळी?"

तुमची हुशारी वरच्या बाजूपुरती आहे. खालची बाजू माझ्याकडे असते, हे विसरलात. वरून तुम्ही कागद लावा नाहीतर सोनं लावा, मला खालून फळ्या दिसतात. कुठली काळी पडली आहे, कुठली फुगली आहे, कुठल्या फळीला भोकं आहेत, सगळं मी कापायच्या टेबलाशी बसून बघते. एवढी वर्षं बघते आहे. तुम्ही तुमची जमीन झाकलीत, माझं छत नाही झाकलं.

मुलाला मी काही सांगितलेलं नाही. त्याला पाय आहेत, त्याचं त्याला कळलं.

आणि खुर्ची. माझ्या नवऱ्याची खुर्ची तुम्ही तो गेला त्याच आठवड्यात वर उचलून नेलीत. मी तेव्हाच सांगितलं होतं, खुर्ची खाली येईपर्यंत तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. बोललेले नाही. आयुष्यभर माझ्या डोक्यावर मिरे वाटलेत ते वाटलेत, आता त्याच्या खुर्चीत बसून वाटता. करकर करकर. कागदाने तेवढं एक बरं झालं, ती करकर ऐकू येईनाशी झाली.

खुर्ची खाली आणा.

&nbsp;

१५ जून

वहिनींना,

उत्तराला उशीर झाला, कारण छातीत धडधडत होतं. तुमचं पत्र वाचल्यावर नेहमी होतं. डॉक्टर म्हणतो वारा धरतो, पण वारा पत्रातून कसा धरेल?

खुर्चीचं एकदाचं ऐकून घ्या. लाकूड दादाचं, मान्य. पण वेताची बैठक फाटून तो खाली आदळला, तेव्हा नवी बैठक कुणी केली? मी. कागदावर कागद चिकटवून, दाबून, वाळवून, हाताच्या अंगठ्याइतकी जाड बैठक केली. तुम्हीच तेव्हा हसला होतात. "कागदावर बसवता होय भावाला? उद्या सकाळी जमिनीवर सापडेल." दादा तुमच्याकडे न बघता बसला. म्हणाला, "मला भावाचा भरवसा आहे." शेवटपर्यंत तो त्याच बैठकीवर बसला. आता मी बसतो. माझ्या कागदावर मी बसतो, यात तुमचं काय जातं?

मी शिकलो चौथीपर्यंत, पण ज्या गोष्टीवर हात ठेवला ती मला कळते.

आता तक्रार. खुर्चीजवळ जमिनीला फुगे आले आहेत. बोटाने दाबले की चुरचुरतात. हे तुमचं काम आहे. तुम्ही इस्त्रीसाठी पाण्याचं पातेलं उकळत ठेवता ते मुद्दाम माझ्या खुर्चीखाली ठेवता. वाफ वर चढते, फळीत शिरते, वरून व्हार्निश असल्यामुळे तिला बाहेर जायला वाट नाही, मग कागद उचलतो. हे तुम्हाला बरोबर कळलेलं दिसतं. म्हणजे चिरंजीव येतील तेव्हा फुगे बघतील, आणि काका चालला ओळीतल्या खाटेवर.

मी ते आश्रम बघून आलो आहे. तो मला घेऊन गेला होता, तुम्हाला कदाचित सांगितलं नसेल. एका दालनात एका ओळीत खाटा. प्रत्येकाला एक कप्पा, त्याला कुलूप, आणि किल्ली कार्यालयात. भिंतींना हिरवा तेलरंग. मी तिथल्या माणसाला विचारलं, "भिंतीला मी कागद लावला तर चालेल का?" तो म्हणाला, "आजोबा, इथे खिळा मारायलासुद्धा परवानगी नाही." वहिनी, मी सगळी हयात कशाला तरी काहीतरी लावण्यात काढली आहे. तिथे मी हातांचं काय करू?

पातेलं हलवा.

&nbsp;

१७ जून

भावजी,

पातेलं वर्षानुवर्षं आहे तिथेच आहे. तुमची खुर्ची त्याच्या डोक्यावर आली, पातेलं खुर्चीखाली गेलेलं नाही. हलवायची तर तुम्ही खुर्ची हलवा. कुठे आणायची ते मागच्या पत्रात लिहिलं आहे.

माझीही तक्रार आहे आणि ती फुग्यांची नाही. चार दिवस झाले, माझ्या टेबलावर पिवळा भुसा पडतो आहे. पिठासारखा बारीक. पांढरं कापड पसरलं की त्यावर नेमका त्या जागी ढीग. झटकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. तुमच्या खुर्चीखालच्या फळीला किडा लागलेला होताच, पण तो आजवर कधी खाली उतरला नव्हता. तुम्ही कागद लावलात आणि तो उतरायला लागला. काय घातलंत त्यात?

&nbsp;

१८ जून

वहिनींना,

काय घातलं म्हणून विचारता! मोरचूद घातला. खळीत मोरचूद घालावाच लागतो, म्हणजे कीड कागदाला तोंड लावत नाही. कारखान्यात ज्याने घातला नाही, त्याच्या ट्रंका गिऱ्हाइकाने परत आणून मालकाच्या टेबलावर आदळल्या. माझी एकही परत आली नाही.

तेव्हा किडा माझ्या कागदाला शिवणार नाही. त्याला वर वाट नाही म्हणून तो खाली जात असेल तर जाऊ दे, खालचं तुमचं. मी माझी बाजू नीट केली आहे. तुम्हीच लिहिलंत ना, खालची बाजू तुमच्याकडे असते?

चिरंजीवाचं पत्र आलं आहे. पुढच्या रविवारी येतो म्हणतो, "वरून आणि खालून नीट तपासणार" म्हणतो. हे वरून आणि खालून त्याला कुणी सुचवलं ते मी विचारणार नाही. विचारून काय उपयोग?

फुगे सुईने टोचून आतली हवा काढली आणि पुन्हा खळ भरून दाबून बसवले. आता जमीन आरशासारखी आहे. खुर्ची मुद्दाम त्याच जागी ठेवली आहे, वजनाने कागद बसावा म्हणून. दिवसभर मीही तिच्यातच बसतो.

&nbsp;

२० जून

भावजी,

खुर्चीतून उठा. हे पत्र वाचाल तेव्हा जिन्यात असाल. परत वर जाऊन खुर्चीत बसू नका.

खुर्चीखालच्या फळीचा तुकडा आज सकाळी माझ्या टेबलावर पडला. हाताने दाबला तर त्याचा भुगा झाला. वर बघितलं तर फळीच्या जागी भोक आणि भोकात तुमचा खाकी कागद. त्या कागदाला खुर्चीच्या पायाचा गोल फुगवटा आला आहे, आणि तुम्ही हललात की तो फुगवटा हलतो.

मी झाडूने ठोकलं. कागदाला लागेल म्हणून बाजूच्या फळीवर ठोकलं. तुम्ही उलट वरून पाय आपटलेत. भोकातून माझं ठोकणं थोडं वर गेलं असावं, तुमच्या पायांचा आवाज तर खाली आलाच. असं करू नका. पाय आपटू नका. उठा आणि पलंगावर जाऊन बसा. खुर्ची तिथून काढा.

&nbsp;

२० जून, संध्याकाळ

वहिनींना,

वाचलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा जिन्यातच थांबलो, दुसऱ्यांदा हसू आलं.

खुर्चीतून उठा, खुर्ची काढा. शाब्बास! एवढी वर्षं सरळ मागून मिळाली नाही, तर आता जीव जाईल म्हणून भीती घालून मागायची. मी चौथी शिकलो असेन, पण एवढं समजतं. मी खुर्ची तिथून हलवणार, म्हणजे ती दारापर्यंत येणार, म्हणजे दूधवाल्याकडून तुम्ही ती उचलून नेणार. फळी पडली म्हणता? माझ्या जमिनीला तडा नाही, खळगा नाही, रेघ नाही. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. हात फिरवला. गुळगुळीत आहे.

आज दूध घ्यायला उतरलो तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून हाक मारलीत. "भावजी, थांबा" म्हणालात. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कानाला मफलर होता तो आणखी ओढून घेतला. एवढ्या वर्षांनी तुमच्या तोंडून हाक आली, तीही खुर्चीसाठी.

आणि पाय मी आपटणारच. तुम्ही दांडा आपटता तेव्हा मी काय हाताची घडी घालून बसू?

मी उठणार नाही. दादाच्या खुर्चीत मी बसलो आहे. रविवारी चिरंजीव आले तरी बसलेलाच असेन.

&nbsp;

२२ जून

भावजी,

खळीचं प्रमाण कळवा. मैदा किती, पाणी किती, मोरचूद किती. थर कसा लावतात, आधी कोणती बाजू. मला कापडाच्या पेटीला अस्तर लावायचं आहे.

आजच कळवा. आणि जमेल तेवढं पलंगावर बसा. तिथून खिडकी बरी दिसते.

&nbsp;

२२ जून, दुपार

वहिनींना,

पेटीला अस्तर लावायचं आहे! माझ्या हाताखालून एवढ्या पेट्या गेल्या, त्यातली एकही तुम्ही कधी कौतुकाने उघडून बघितली नाही, आणि आता अस्तर. तुमचा काय डाव आहे ते मला कळत नाही. पण चुकीचं प्रमाण सांगणं माझ्याने होत नाही, त्याची मला चीड येते, तरी होत नाही.

एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या थंड पाण्यात कालवा, गाठी हाताने मोडा, मग उकळत्या पाण्यात सोडा. घाई केलीत की गाठी होतात आणि गाठ राहिली की तिथे कागद कधी बसत नाही. हलवणं सोडू नका. पारदर्शक झाली की उतरवा. मोरचूद चिमूटभर, कोमट असताना, आणि हात धुवा, तोंडाला लावू नका. तुम्हाला मशीनवर बसल्या बसल्या बोटं चाटून दोरा ओवायची सवय आहे.

कागद कात्रीने कापू नका. हे लिहून ठेवा. कात्रीने कापलेल्या काठाला पायरी राहते, ती वरून हात फिरवला की लागते आणि तिथूनच कागद सुटतो. हाताने फाडलेल्या काठाला तंतू असतात, ते एकमेकांत विरून जातात. आधी कागद भिजू द्या, मग पिळा, मग लावा. मधून काठांकडे तळहाताने दाबत जा, म्हणजे आत हवा राहत नाही. एक थर पुरा वाळल्याशिवाय दुसरा नाही. उलटं लावायचं असेल, म्हणजे डोक्यावर, तर खळ जास्त घट्ट लागते. पेटीत ते लागत नाही, पण सांगून ठेवलं.

पलंगावर बसा म्हणता. खिडकीचं कौतुक कशाला? मला खुर्चीत बरं वाटतं.

रविवार परवावर आला. जेवण जात नाही. तुम्ही त्याला काय सांगणार आहात ते मला माहीत आहे, मी तुम्हाला विनवणार नाही. मी काही केलं नाही एवढंच. मी फक्त जमिनीला कागद लावला.

&nbsp;

२६ जून

वहिनींना,

दोन दिवस लिहायला बसतो आणि उठतो. खळ करणं सोपं वाटतं, पण पत्र नाही.

रविवारी चिरंजीव आले ते हातात स्क्रूड्रायव्हर घेऊनच आले. आधी वर पाय आपटत फिरले. खुर्चीच्या दिशेने आले तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिलो, जाणूनबुजून, म्हणजे तिथे त्याला पाय आपटता येऊ नये. म्हणाला, "काका, जरा उठता का?" मी म्हणालो, "पाय धरले आहेत." तो म्हणाला, "बरं, मग खालून बघतो. तुम्हीही चला." आणि माझे पाय लगेच सुटले, कारण मला बघायचं होतं तुम्ही काय करता ते.

तुमच्या खोलीत मी खुर्ची वर नेल्यापासून पाय ठेवला नव्हता. आत आलो आणि वर बघितलं.

सगळ्या छताला कागद. खाकी, माझ्यासारखाच. त्याच्याखाली कापायचं टेबल सरकवलेलं, आणि माझ्या खुर्चीच्या बरोबर खाली तुमचं कपड्यांचं कपाट, त्याच्यावर ट्रंक, ट्रंकेवर लाकडी ठोकळे, छताला टेकेपर्यंत. ट्रंक आमच्या कारखान्याची. दूधवाला मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आजींनी मला कपाट ढकलायला लावलं, पण कागदाला हात लावू दिला नाही."

चिरंजीव म्हणाले, "आई, हे काय?"

तुम्ही म्हणालात, "छत. याआधी पाहिलं नाहीस का?"

"कागद कुणी लावला?"

"मी."

"तू? टेबलावर चढून? तुझे गुडघे?"

"गुडघे माझे आहेत."

त्याने स्क्रूड्रायव्हर वर उचलला. "जरा टोचून बघतो."

तुम्ही त्याच्यासमोर उभ्या राहिलात. त्याच्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नाही तुम्ही. "टोच ना. आधी मला टोच, मग वर टोच. ओलं आहे अजून."

"मग वाळल्यावर येतो."

"वाळल्यावर ये. कधी वाळतं ते तुझ्या काकाला विचार, मला विचारू नकोस."

दोघंही माझ्याकडे बघायला लागलात. माझ्या तोंडून शब्द फुटला तो एवढाच, "वेळ लागतो."

तो वैतागला. "आई, मी तुझ्यासाठीच करतोय हे! तुला त्रास होतो, कचरा पडतो, रात्रंदिवस तक्रारी करतेस म्हणून तर मी यांना…"

तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्या डोक्यावर कोण राहील ते माझं डोकं ठरवील. तू चहा घेणार असलास तर बस, नाहीतर गाडी चुकेल."

तो गेला. मी वर आलो. आणि वहिनी, खरं सांगतो, मला रागच आला. पहिली गोष्ट मनात आली ती ही की तुम्ही कात्री वापरलीत. खालून उजेडात काठ सरळ रेघेत दिसतात. इतकं बजावून सांगितलं होतं. दोन ठिकाणी गाठी आहेत, खिडकीकडच्या कोपऱ्यात हवा राहिली आहे. खुर्चीच्या खालची जागा तेवढी फाडलेल्या कागदाने केली आहे आणि तिथे बारीकशी गाठसुद्धा नाही. तिथे किती थर दिलेत ते मला मोजता आलं नाही.

मग मी खुर्ची बाजूला केली. गुडघ्यावर बसलो आणि ज्या जागेवरून मी त्या दिवशी नुसता हात फिरवला होता, तिथे या वेळी अंगठा दाबला. जमीन खाली गेली आणि तुमच्या ठोकळ्यांवर टेकली. फळी नव्हतीच. मी इतके दिवस कागदावर बसलो होतो.

तुमचं वीस तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात खुर्ची मागितलेली नाही. मीच ती त्यात वाचली.

पलंगावर बसून लिहितो आहे.

&nbsp;

२७ जून

भावजी,

कात्रीचं मला माहीत आहे. डोक्यावर हात करून कागद फाडत बसायला मला चार हात नाहीत. कात्री माझ्या हातात चाळीस वर्षं बसलेली आहे, ती सवय जात नाही. जिथे गरज होती तिथे फाडला.

तुमच्यासाठी केलं असं डोक्यात घेऊ नका. तुम्ही गेलात तर तो वरची खोली भाड्याने देणार, आणि भाडेकरू आला की लहान मुलं, खुर्च्या, चेंडू, रात्रीची गाणी. तुमची खोड मला पाठ झाली आहे, नवीन माणसाची खोड शिकायचं वय राहिलं नाही माझं.

सोमवारी सुतार येतो. त्याला मी सांगितलं आहे, कुजक्या फळ्या सगळ्या काढायच्या, नव्या घालायच्या, वरून कापायला लागेल तेवढा कागद कापायचा. तुम्ही मध्ये उभे राहून "माझा कागद, माझा कागद" करू नका. फळ्या झाल्या की मग मुलाला बोलवीन, खालून स्क्रूड्रायव्हर घालून काय टोचायचं ते टोचू दे.

खुर्ची सुतार खाली आणून देईल. त्याला तसं सांगितलं आहे. यावर पत्र नको.

&nbsp;

२ जुलै

वहिनींना,

पत्र नको म्हणालात तरी लिहितो आहे. तुमचं सगळंच ऐकलं तर माझं उरेल काय?

सुतार येऊन गेला. आधी त्याने पटाशी कागदात घातली आणि ओढली, आणि ती अडकली. म्हणाला, "आजोबा, हे काय लावलंय? कातडं आहे का?" शेवटी करवतीने कापावं लागलं. खालच्या फळ्या मात्र त्याने हाताने उचलल्या, पिठासारख्या सांडल्या. कापलेल्या तुकड्यात वरचा माझा थर आणि खालचा तुमचा, दोन्ही एकत्र आले होते. मध्ये लाकूड नव्हतं, म्हणून ते एकमेकांनाच चिकटले. तुमच्या बाजूला कात्रीचा काठ नव्हता. बरा लावला आहेत. गाठ नाही. एवढंच लिहितो, जास्त लिहीत नाही.

तो तुकडा सुतार टाकून देणार होता. मी ठेवून घेतला. त्यावर खुर्चीच्या पायाचा गोल ठसा आहे.

नव्या फळ्या आल्या, पक्क्या आहेत, मी स्वतः पाय आपटून बघितलं. चार-आठ दिवस त्यांना ऊनवारा लागू देतो, मग पुन्हा कागद लावणार. या वेळी खालून तुमचं पातेलं दुसरीकडे सरकवा, ही विनंती नाही, कामाची गोष्ट आहे. वाफेला बाहेर जायला वाट हवी.

खुर्ची तुमच्याकडे पोचली. कशी बसता तुम्ही तिच्यात, पाय तरी जमिनीला टेकतात का? टेकत नसणार. तुमच्यासाठी ती कधीच उंच होती. संध्याकाळी थोडा वेळ मी येऊन बसेन. तुम्ही मशीनवर असा, मी खुर्चीत असेन. बोलायचं नाही. बोलायचं काही उरलेलंही नाही, सगळं आपण लिहूनच टाकलं आहे.

आणखी एक. पलंगाजवळ दोन फळ्यांच्या मध्ये मी सुताराला फट ठेवायला लावली. तो म्हणाला, "फट कशाला? कचरा पडेल खाली." मी म्हणालो, पडू दे. ती मी कागदाने बुजवणार नाही.

हे पत्र तिच्यातूनच सोडतो आहे. शिवणावर पडलं तर ओरडा. ऐकू येईल.

आपला,
वरचा